ब्रेकवरचा हात

लिफ्टच्या कंपनीत त्याला सगळे 'लेव्हल' म्हणायचे. बायकोला हे नाव अजिबात आवडत नसे, पण नाव पडलं ते पडलं. लिफ्ट मजल्यावर येऊन थांबली की तिची कड आणि मजल्याची कड एका रेषेत यावी लागते. बोटभर जरी खालीवर झालं तरी कुणीतरी ठेचकाळतं. बाकीचे मेकॅनिक पट्टी लावून मोजायचे. हा नुसता दारात उभा राहून बुटाचा तळवा दोन्हीकडे टेकवायचा आणि म्हणायचा, "किंचित वर घ्या." झालं. तेव्हापासून लेव्हल.

पुढं त्याला दारूचं व्यसन लागलं, तेव्हा याच नावावरून टर उडवायला कुणाला फार डोकं चालवावं लागलं नाही. "लिफ्ट लेव्हलला आहे, मेकॅनिक कितव्या मजल्यावर आहे ते बघा," असं म्हणून हसायचे. तोही हसायचा. हसण्यात आपण सामील झालो की लोक पुढचं विचारत नाहीत, हे पिणाऱ्याला फार लवकर कळतं.

आता तो पीत नाही. व्यसनमुक्ती केंद्रातून घरी येऊन त्याला बरेच महिने झाले. संध्याकाळी मुलगी दार उघडते, ती आता त्याच्या खांद्याला लागते. सुरुवातीला ती दारात उगाच रेंगाळायची, त्याच्या हातातली पिशवी घ्यायची आणि हळूच श्वास आत ओढायची. हे त्याच्या लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी तिनं दार उघडताच त्यानं आपणहून तिच्यासमोर तोंड उघडून 'हाऽ' केलं.

ती ओशाळली. "बाबा, मी काय पोलीस आहे का?"

"नाहीस. पण बघ तरी."

तिनं नाक पुढं केलं. "चहा," ती म्हणाली, "आणि कच्चा कांदा. दुसरा गुन्हा मोठा आहे."

आत बायको हसली. कितीतरी दिवसांनी त्या घरात कुणी हसलं होतं. त्याला वाटलं, चला, गाडी रुळावर येतेय. रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र मुलीनं वास ओळखण्यात किती तयारी केली आहे, हेच डोक्यात फिरत राहिलं. कुठल्या पोरीला हे शिकावं लागतं?

पण घर एक वेळ सांभाळून घेतं. कामावर अडलं होतं ते ब्रेकपाशी.

हे काम दोघांचं असतं. गच्चीवरच्या मशीनरूममध्ये एकजण असतो आणि दुसरा लिफ्टच्या उभ्या बोगद्यात, म्हणजे शाफ्टमध्ये, डब्याच्या छपरावर उभा असतो. नव्या लिफ्टमध्ये छपरावरच बटणं असतात, आतला माणूस स्वतःच डबा हलवतो. जुन्या लिफ्टमध्ये ती सोय नसते, असली तरी जळालेली असते. तिथं वरचा माणूस मोटरचा ब्रेक लोखंडी दांड्यानं हातानं उघडतो. डबा रिकामा असला तर दोरखंडाच्या दुसऱ्या टोकाला टांगलेलं वजन त्याला आपसूक वर ओढतं. खाली न्यायचा असेल तर दुसऱ्या हातानं मोटरचं चाक फिरवावं लागतं. दोरखंडांसाठी मशीनरूमच्या जमिनीला भोकं असतात, त्यातूनच दोघं बोलतात. डोळ्यांनी एकमेकांना दिसत नाहीत.

म्हणून एक पद्धत आहे. आतला म्हणतो, "वर, थोडं." ब्रेकवरचा तेच शब्द परत म्हणतो, "वर, थोडं." आतला आपले हातपाय बघतो आणि म्हणतो, "हो." त्या 'हो'शिवाय दांड्याला हात लावायचा नाही. आकाश कोसळलं तरी नाही.

ही पद्धत त्यानंच आपल्या मेहुण्याला शिकवली होती. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. अंगानं इतका किरकोळ की घरीदारी त्याला बारक्याच म्हणत. परीक्षेत आपटला आणि घरी बसला, तेव्हा बायको म्हणाली होती, "अहो, न्या ना त्याला तुमच्याबरोबर. फटीतून आत शिरायला बरा आहे." त्यानं नेलं. पहिल्या दिवशी त्याला शाफ्टच्या दारात उभं करून सांगितलं, "इथं देव नाही, नशीब नाही. इथं 'हो' आहे. समजलं?" बारक्यानं मान डोलावली. "मानेनं नाही. तोंडानं." "हो दाजी."

आणि त्या दिवशी, जुन्या इमारतीतल्या जुन्या लिफ्टवर, त्यानं त्या 'हो'ची वाट पाहिली नाही.

मेहुणा आत खांबासारख्या उभ्या रुळाला हातानं धरून साफसफाई करत होता. त्यानं 'वर' म्हटलंही नव्हतं. काहीच म्हटलं नव्हतं. ग्रीसच्या डब्यामागे ठेवलेल्या चपट्या बाटलीतलं अर्ध्याहून अधिक याच्या पोटात गेलं होतं आणि काम उरकून उरलेलं प्यायची घाई होती. झालं असेल त्याचं, असं मनाशी म्हणून यानं दांडा दाबला. डबा वीतभरच वर सरकला. रुळाला घट्ट धरून चालणारी डब्याची लोखंडी पकड बोटांवर चढली. आतून आलेली किंकाळी ऐकून यानं दांडा सोडला. बोटं तशीच अडकलेली. ती सोडवायची तर डबा खाली घ्यायला हवा होता. यानं पुन्हा दांडा दाबला, दुसऱ्या हातानं चाक धरलं आणि फिरवलं.

उलटं फिरवलं.

चाकावर वर-खालीचे बाण रंगवलेले होते. ते त्यानंच रंगवले होते.

मेहुण्याच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. चौकशीला आलेल्या साहेबांना मेहुण्यानं दवाखान्यातल्या पलंगावरून सांगितलं, "चूक माझी. मीच 'हो' म्हणालो आणि हात काढायला विसरलो." हा त्याच खोलीत, भिंतीला टेकून उभा होता. यानं तोंड उघडलं नाही. बायको भावाच्या पायाशी बसली होती. तिनं नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि नजर खाली केली. तिला वास आला होता.

केंद्रात जायचं त्यानं त्यानंतर ठरवलं. तिथून परत आल्यावर पहिलं काम काय केलं असेल, तर साहेबांच्या टेबलापुढे जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "त्या दिवशीचं खरं सांगायचंय."

साहेबांनी हात वर केला. "नको. तू खरं बोललास, तर तुझा मेहुणा खोटं बोलला असं होतं. कंपनीनं त्याला तक्रारीच्या फोनवर बसवलंय, ती खुर्चीही जाईल त्याची. आता सांग, बोलायचंय?"

तो परत फिरला. आपलेच दात आणि आपलेच ओठ. कबुली द्यायचीही सोय उरली नव्हती.

केंद्रातल्या समुपदेशक ताईंना त्यानं फोन केला. "कुणी मला शिव्यासुद्धा देत नाही हो ताई. बायको म्हणते झालं ते झालं. मेहुणा भेटला की हसतो. मी काय करू?"

 त्या म्हणाल्या, "त्याच्यापुढे जा. पण स्वतःचं ओझं त्याच्या डोक्यावर ठेवून मोकळं व्हायला जाऊ नका. त्याच्याकडे उचलायला आधीच कमी बोटं आहेत."

हे ऐकून त्याला गदगदून रडू आलं, आणि विचित्र म्हणजे थोडं बरंही वाटलं. कुणीतरी ती बोटं तोंडानं उच्चारली होती.

कामावर त्यानं ब्रेक धरायचा एकदा प्रयत्न केला होता. दांड्यावर मूठ बसली, पण दाबली जाईना. तळव्याला असा घाम सुटला की लोखंड निसटायला लागलं. "चाव्या खाली राहिल्या," असं सांगून तो जिना उतरला, तो परत चढलाच नाही. तेव्हापासून दारांच्या खाचा पुसणं, बटणांचे दिवे बदलणं, असली कामं. शेवटी साहेब म्हणाले, "दारं पुसायला मला मेकॅनिक लागत नाही. त्या जुन्या इमारतीतली लिफ्ट तपासायचीय. तीच. ब्रेकवर उभा राहणार असलास तर राहा, नाहीतर दुसरीकडे काम बघ. तुझ्याबरोबर कोण येतो ते तूच ठरव."

कोण येणार? जेवणाच्या सुट्टीत त्यानं सगळ्यांना विचारलं.

"आपण नाही बुवा," एकजण म्हणाला. "मला दोन पोरं आहेत."

"मला पोरं नाहीत," दुसरा म्हणाला, "पण व्हायची आहेत अजून."

हशा पिकला. तोही सवयीनं हसला. तेवढ्यात पलीकडच्या टेबलावरचा तक्रारीचा फोन वाजला. मेहुण्यानं डाव्या हातानं तो उचलला. उजवा नेहमीसारखा मांडीवर, टेबलाखाली. "हो मॅडम, माणूस पाठवतो. घाबरू नका, लिफ्ट पडत नसते." फोन ठेवून तो इकडे वळला.

"दाजी, मी येतो."

हशा थांबला.

"तू नको रे," हा कसाबसा म्हणाला.

"का? माझी बोटं जायची होती ती गेली. आता मला कसली भीती?" मेहुणा हसत म्हणाला. नेहमीचं हसू.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं त्या इमारतीत गेले. जिन्यानं चढताना मेहुणा फोनवरच्या गमती सांगत होता. एक आजोबा म्हणे रोज फोन करून लिफ्टमधला आरसा खोटं दाखवतो अशी तक्रार करतात. हा हुं हुं करत होता. 

मशीनरूम तशीच होती. हिरवा रंग उडालेली मोटर, तेलाचा वास, दोरखंडांवर मजल्यांच्या पिवळ्या खुणा. चाकावरचे बाण तेवढे कुणीतरी नव्यानं ठळक रंगवले होते. तो ते बाण बघत राहिला.

"तुम्ही ब्रेकवर," मेहुणा म्हणाला. "मी छपरावर. पहिल्यासारखं. मला ठाऊक आहे दाजी, मी छपरावर उभा राहिलो आणि सगळं नीट झालं की तुमचा हात सुटेल. ताईलाही बरं वाटेल."

"तिनं सांगितलं तुला?"

"तिनं काही सांगितलं नाही. ती कधी सांगते?"

दोघं शाफ्टच्या दारापाशी उतरले. मेहुण्यानं दार किल्लीनं उघडलं. आत अंधार, थंड हवेचा झोत आणि पावलाएवढ्या अंतरावर डब्याचं धुळकट छप्पर. त्यानं बॅटरी खिशात घातली, एक पाय छपरावर टाकला. दुसरा पाय टाकायचा तर डाव्या हातानं धरलेली दाराची चौकट सोडायला हवी होती.

चौकट सुटेना.

"एक मिनिट हं," मेहुणा म्हणाला. "बूट घसरतोय."

बूट घसरत नव्हता. हातच सोडत नव्हता. त्यानं पुन्हा प्रयत्न केला. त्याचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा पडला. "सोड की रे," तो आपल्याच हाताला म्हणाला. हसायला गेला आणि हसू अर्ध्यात मोडलं.

यानं त्याला कमरेला धरून मागं ओढलं. दोघं जिन्याच्या पायरीवर बसले. 

"बारक्या, चल घरी. राहू दे नोकरी."

"मला वास आला होता," मेहुणा एकदम म्हणाला.

"काय?"

"त्या दिवशी. जिना चढतानाच आला होता मला वास. तरी मी छपरावर उतरलो. नाही म्हणालो असतो तर साहेबांना कारण सांगावं लागलं असतं. ताईला सांगावं लागलं असतं. म्हटलं, दाजी आहेत, प्यायले तरी दाजीच आहेत." त्यानं उजवा हात पहिल्यांदा मांडीवरून उचलला आणि दोघांच्या मध्ये धरला. अंगठा आणि करंगळी. मध्ये नुसते गुळगुळीत उंचवटे. "म्हणून 'माझी चूक' म्हणालो मी साहेबांना. तुम्हाला वाटलं असेल मोठेपणा केला. मोठेपणा नव्हता तो. मला खरंच वाटत होतं, आपणच मूर्ख."

"तू मूर्ख नव्हतास." हा म्हणाला. "तू विश्वास ठेवलास. चूक माझी. मी विचारलं नाही, थांबलो नाही. आणि चाक उलटं फिरवलं."

"मला माहीत आहे. मी आत होतो ना."

खालून कुणाच्या तरी घरातला रेडिओ ऐकू येत होता.

"मला तुमचा राग येतो, दाजी," मेहुणा हळूच म्हणाला. "तुम्ही केंद्रातून आलात, ताई खूश झाली, म्हणून मीही खूश झालो. खोटं नाही ते. पण फोन उचलला की राग येतो. शर्टाचं बटण लावताना येतो. तुम्ही सुधारलात त्याचासुद्धा येतो. वाटतं, थोडं आधी का नाही?"

 याला केंद्रातल्या ताईंचे शब्द आठवले. मेहुण्यापुढे रडायचं नाही, माफी मागून त्यालाच समजूत घालायला लावायची नाही. यानं दातांत ओठ धरला आणि नुसता ऐकत राहिला. मेहुणा खूप वेळ बोलला. त्याला लिहिता येत नाही नीट. एका मुलीच्या घरच्यांनी स्थळ बघायला येतो म्हटलं आणि हाताबद्दल कळल्यावर आलेच नाहीत. शाफ्टमधला तो अंधार, तेलाचा वास, दोरखंड हलतानाचा आवाज त्याला आवडायचा, हे त्यानं कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

बोलून झाल्यावर तो म्हणाला, "आता काय करायचं? काम तर राहिलंच."

हा उठला. "मी उतरतो आत. तू ब्रेकवर जा."

"मी? या हातानं?"

"दांडा डाव्या हातानं धर. डबा रिकामा आहे, नुसता वर घ्यायचाय. चाकाला हात लावावा लागणार नाही."

मेहुण्यानं त्याच्याकडे रोखून पाहिलं. "आणि मला आत्ता इतका राग आलाय, त्याचं काय?"

"असू दे," हा म्हणाला. "तू पद्धत मोडणार नाहीस."

मेहुणा उठला. त्याची पावलं जिन्यावरून वर जात ऐकू आली. हा छपरावर उतरला. बॅटरी लावली. रुळाचं लोखंड चकाकत होतं. याच जागी. त्यानं फडकं काढलं, रूळ पुसला, बोल्ट तपासले, आणि हात काढून घेतले. डब्याच्या मधल्या आडव्या तुळईला दोन्ही हातांनी धरलं. मग वर तोंड करून म्हणाला, "वर, थोडं."

वरच्या भोकांतून उजेडाचे बारीक कवडसे येत होते. त्यातून आवाज आला, "वर, थोडं."

आता 'हो' म्हणायचं.

त्याच्या गळ्यातून आवाज फुटेना. हात जागेवर होते, पाय जागेवर होते, बाकी कशाची अडचण नव्हती.  वर काही हललं नाही. ब्रेक उघडल्याचा आवाज आला नाही. दोरखंड स्थिर होते. तो उभा होता आणि वर त्याचा मेहुणा उभा होता, डाव्या हातात दांडा धरून. दांडा जड असतो. हात भरून येतो. तरी काही हलत नव्हतं.

त्या शांततेत त्याला कळलं की वाट पाहणं किती सोपं होतं. एवढंच करायचं होतं त्या दिवशी. नुसतं उभं राहायचं होतं.

"दाजी," वरून आवाज आला. त्यात राग होता की नाही, हे भोकातून कळत नव्हतं. "मी थांबलोय."

त्यानं तुळईवर कपाळ टेकलं. मग डोकं वर केलं, पुन्हा एकदा दोन्ही हात बघितले. दहा बोटं.

"हो," तो म्हणाला.

ब्रेक उघडला आणि डबा अगदी हळू वर सरकला.

असं करत करत ते वरच्या मजल्यापर्यंत गेले. प्रत्येक वेळी तीच तीन बोलणी. काम संपल्यावर मेहुण्यानं हात धुतले आणि म्हणाला, "दाजी, पुन्हा मला यायला सांगू नका."

"नाही सांगणार."

"घरी येईन मी. ताईकडे. पण इथं नाही."

"इथं नको येऊस," हा म्हणाला. "तुझं बरोबर आहे."

मेहुणा जिना उतरून गेला. हा मशीनरूमचं कुलूप लावायला मागं राहिला आणि मग बराच वेळ, मघाशी आवरून धरलेलं सगळं, चाकापाशी बसून रडला. संध्याकाळी मुलीनं दार उघडलं, त्यानं सवयीनं 'हाऽ' केलं. ती नाक पुढं न करता त्याच्या डोळ्यांकडेच बघत राहिली, आणि बाजूला झाली.

तो आता ब्रेकवर उभा राहतो. दोन पोरांवाला मेकॅनिक एकदा कुरकुरत त्याच्याबरोबर आला, मग येत राहिला. आतून हुकूम आला की हा तेच शब्द परत म्हणतो, 'हो' ऐकतो, आणि 'हो' ऐकल्यावरही एक श्वासभर थांबतो. त्या श्वासाची पद्धत कुणी सांगितलेली नाही.

"ए लेव्हल," आतून ओरडा येतो, "झोपलास काय? कधीच 'हो' म्हणालो मी!"

"ऐकलं," तो म्हणतो. "हात बघ परत एकदा."

"बघितले रे बाबा, बघितले! दोन्ही आहेत!"

"बोटं मोज," तो म्हणतो, आणि आतला माणूस शिव्या देत देत मोजेपर्यंत, दांड्यावर हात ठेवून उभा राहतो.